उजव्या नाकपुडीतली नथ

घिवलीचे आमचे जुने घरमालक जनूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मला धक्का बसला नाही, याचंच मला नवल वाटलं. मी तशी पटकन हबकणारी बाई. दूध उतू गेलं तरी माझ्या काळजात धस्स होतं, असं आमचे हे येईल-जाईल त्याला सांगत असतात. पण या माणसानं मला जे हादरे द्यायचे ते हयातीतच देऊन ठेवले होते. फोन ठेवला, चहा ओतून घेतला, आणि पाम गावच्या शेडमधली ती सकाळ डोळ्यांसमोर उभी राहिली. तेव्हा मात्र कप खाली ठेवावा लागला.

आम्ही मूळचे कराडकडचे. ह्यांना तारापूरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि बोईसरची गर्दी मला सोसेना, म्हणून आम्ही घिवलीत खोली बघायला गेलो. खोली जनूभाऊंच्या घरामागची. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आम्हाला ओट्यावर बसवलं आणि आत हाक मारली. गंजीफ्रॉक आणि अर्धी चड्डी घातलेला एक बुटका माणूस कपाळावर भिंग चढवून बाहेर आला. आला तो थेट माझ्या गळ्याकडे बघायला लागला. बघतोय तर बघतोयच. मी पदर सारखा केला, हे खाकरले. त्याला कशाचंच काही नाही.

"ह्या वाट्या माज्या हायत," तो म्हणाला.

मी मंगळसूत्र मुठीत धरलं. म्हटलं, माणूस वेडा तरी आहे नाहीतर चोर तरी. जनूभाऊ आत गेले आणि पत्र्याच्या डब्यातून लोखंडाचा एक ठोकळा घेऊन आले. त्यात वाटीएवढे दोन खळगे होते, आणि खळग्यांच्या तळाशी जाईच्या कळ्यांची वेल. माझ्या वाट्यांवर होती तीच, फक्त तिथे उठलेली आणि इथे आत गेलेली. मी बोट फिरवून बघितलं आणि मला घामच फुटला. हे मंगळसूत्र आमच्या पिढीजात सोनारानं स्वतःच्या हातानं घडवलंय, असं माझी आई लग्नात मांडवभर सांगत फिरली होती. आणि त्या कळ्या निघाल्या घिवलीच्या या गल्लीतल्या, बोंबील वाळत घातलेल्या अंगणामागच्या खोलीतल्या.

त्या गल्लीत एकाआड एक घरात हेच काम चालायचं. दागिन्यांच्या डाया करायच्या. डाय म्हणजे लोखंडात कोरलेला साचा. त्यावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून दाबला की नक्षी उठते. दागिन्यावर जे वर यायला हवं ते लोखंडात खोल जायला हवं, आणि दागिन्यात जे उजवीकडे हवं ते लोखंडात डावीकडे. पुरुष कोरायचे, बायका कोरायच्या. दुपारच्या वेळी गल्लीतून गेलं की दोन्हीकडून हातोडीची टकटक ऐकू यायची. इथून डाया मुंबईला जात, राजकोटला जात. सोनं मात्र त्या गल्लीत कधी येत नसे. काकींच्या गळ्यात नुसती काळी पोत होती. मी एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, त्यांना लोखंडच आवडतं.

जनूभाऊंच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरू करू? डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट त्यांनी राखून ठेवलं होतं. अक्षरशः राखीव. त्या बोटाला तिखट लागू द्यायचं नाही, गरम कप लागू द्यायचा नाही, माशाचा काटा तर नाहीच नाही. जेवताना ते बोट हवेत. नवीन पाहुण्याला वाटायचं काही जखम झालीय, आणि तो हळहळायचा. डाय झाली की डोळे मिटून ते बोट आत फिरवायचं आणि मगच ती पुरी झाली म्हणायची. नुसत्या बोटानं ते सांगायचे की हे काम कुणाचं आहे. गल्लीतल्या बायका गंमत म्हणून त्यांना डाया आणून देत आणि ते एकेकीचं नाव घेत, वर कुणाचा हात कुठे आखडतो तेही सांगत. बोईसरहून एक मशीनवाला आला होता. "चाचा, कंप्यूटर से निकला है, देखो." भाऊंनी बोट फिरवलं, काम फार साफ आहे म्हणाले आणि डाय परत दिली. तो गेल्यावर मला म्हणाले की सगळं खरं, पण कोण आहे ते काही कळेना.

व्यापाऱ्यांची घाई त्यांना खपायची नाही. फोनवर एकच उत्तर ठरलेलं, "घाई हाय तर दुसरी गल्ली हाय." आणि फोन ठेवून द्यायचे. मग काकी मागून पुन्हा फोन लावून गोड बोलायच्या.

आणि त्यांचं ते डावं-उजवं! आयुष्यभर उलटं कोरून त्यांच्या डोक्यात दिशाच फिरल्या होत्या. उजवीकडे म्हणायचं तिथे ते हटकून डावीकडे म्हणत. माझे दीर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी नाक्यावरून भाऊंना फोन लावला, आणि भाऊंनी सांगितल्याप्रमाणे चालत चालत थेट समुद्रावर पोचले. तिथून परत फोन केला, तर भाऊ त्यांनाच रागावले. गावातल्या लोकांना हे पाठ होतं. भाऊ डावीकडे म्हणाले की माणूस मुकाट्यानं उजवीकडे वळायचा. मी यावरून त्यांची इतकी चेष्टा केली आहे की आता आठवलं तरी कसंतरी होतं.

एका बाबतीत मात्र त्यांची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती. एकाच्या डायला दुसऱ्यानं छिन्नी लावायची नाही. ही गल्लीचीच रीत होती, पण भाऊंकडे ती सोवळ्यासारखी पाळली जायची. शेजारचा एक कारागीर काम अर्धं टाकून वारला. व्यापारी डाय घेऊन दारोदार फिरला, हातापाया पडला. कुणी ती घेतली नाही. शेवटी त्याच्या मुलानं ती होडीतून नेऊन समुद्रात सोडली. मला हे अतीच वाटलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

चंदूचं प्रकरण त्यानंतरचं. चंदू त्यांचा शागीर्द, चांगला बायकामुलांचा माणूस. वीसेक वर्षं भाऊंच्या शेजारी बसून कोरत होता, दुपारी याच घरात जेवत होता. भाऊंना मूल नव्हतं आणि काकी त्यालाच आपलं म्हणायच्या. एका दसऱ्याआधी भाऊ हिवतापानं पडले. डाय द्यायची वेळ आली, व्यापारी ओट्यावर येऊन बसला. भाऊंच्या नक्षीतल्या पानाच्या चार शिरा तेवढ्या राहिल्या होत्या. चंदूनं त्या कोरल्या. भाऊ उठले, घोंगडी पांघरून कामाच्या खोलीत आले आणि डायमध्ये बोट घातलं.

मी तेव्हा दळण घेऊन दारातच उभी होते. त्यांनी आवाज चढवला नाही. चंदूच्या सगळ्या छिन्न्या फडक्यात गुंडाळल्या, त्याच्या हातात दिल्या आणि ओट्याकडे बोट दाखवलं. चंदू पाया पडायला वाकला, तर ते दोन पावलं मागे सरले. काकी रडत होत्या. व्यापाऱ्यानं पान थुंकायला म्हणून तोंड उघडलं ते उघडंच. मला तर दळणाचा डबा कुठे ठेवावा तेही सुचेना. चार शिरांसाठी माणूस आपलं पोर घराबाहेर काढतो, हे मी आजही पचवू शकलेले नाही. आणि ती डाय? ती त्यांनी त्याच संध्याकाळी खडकापलीकडे समुद्रात नेऊन टाकली.

चंदू पामला गेला आणि तिथे त्यानं स्वतःचं दुकान काढलं. पाम काही लांब नाही, पण पुढे कित्येक वर्षं भाऊंनी त्याचं नाव घेतलं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी भाऊ त्याच्यातून पलीकडे बघितल्यासारखं बघायचे.

मग अलीकडचा तो पावसाळा. माझी बहीण यायची होती आणि तिला रस्ता सांगायला मी मुद्दाम भाऊंकडे फोन दिला, म्हटलं जरा मजा बघू. भाऊ म्हणाले, नाक्यावरून उजवीकडे वळा, मग देवळाशी डावीकडे. मी टाळ्या पिटल्या. "भाऊ, तुमी चक्क बरोबर सांगितलं!" त्यांच्या बोलण्याची नक्कल करायची मला सवयच लागली होती. भाऊही हसले. काकींकडे बघितलं तर त्या भाकरी थापता थापता थांबल्या होत्या आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मला काही उलगडा झाला नाही.

झाला तो आठवड्याभरानं. त्या पावसाळ्यात देवीच्या मुखवट्याच्या पदकांचं काम चाललं होतं. डाय झाली की भाऊ त्यावर तांब्याचा पातळ पत्रा ठोकून नमुना काढत. तो नमुना काकींनी माझ्यापुढे धरला. मी बघितलं. डोळे सुंदर, मळवट सुंदर, ओठ तर आता बोलतील असे. आणि नथ उजव्या नाकपुडीत.

मी हसतच आत गेले. म्हटलं, अहो भाऊ, ही देवी कुठल्या मुलखातली? भाऊंनी नमुना हातात घेतला, भिंग खाली ओढलं, उलटसुलट बघितला. नंतर डाय बघितली. मग माझ्याकडे बघून अगदी मायेनं म्हणाले, "बरोबर तर हाय. तुज्या डोळ्यांना काय झालं?"

चूक कोण करत नाही? पण त्यांना ती दिसत नव्हती. सगळ्या जन्मात त्यांनी कधी सुलट कोरलं नव्हतं, आणि आता त्यांचा हात सुलट चालत होता. त्यांचं डावं-उजवं चार माणसांसारखं झालं होतं, आणि तोच आजार होता. बोईसरच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला आणि बारीकसा झटका येऊन गेलाय म्हणाले. खातात-पितात, चालतात, माणसं ओळखतात, मग काळजी कसली, असंही म्हणाले. पण सगळं आयुष्य उलटं कोरण्यात गेलेल्या माणसाचं काय जातं, हे त्यांना कसं समजावून सांगणार? काकींनी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

काम थांबवा म्हणायची हिंमत कुणाला नव्हती. काकी मला म्हणाल्या, "हातातली हातोडी काडली तर हा माणूस चार दिस जगायचा नाय." आणि चुकीच्या डाया बाहेर गेल्या असत्या तर व्यापाऱ्यांनीच ती हातोडी काढून घेतली असती. मग काकींनी काय करावं? भाऊ जेवून झोपले की त्या नुकती झालेली डाय उचलायच्या, मासळीच्या पिशवीत तळाला घालायच्या आणि रिक्षानं पाम गाठायच्या. चंदूकडे.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी आधी दार लोटून घेतलं. ज्या गुन्ह्यासाठी त्याला हाकलला तोच गुन्हा तो आता रोज करत होता, आणि या वेळी चार शिरांचा नव्हे. कानशीनं अख्खा चेहरा घासून लोखंड खाली न्यायचं आणि नवा चेहरा उलटा कोरायचा. काकींनी पहिल्यांदा डाय पुढे ठेवली तेव्हा चंदू दुकान सोडून बाहेर निघून गेला होता म्हणे. मग परत आला आणि बसला. तेव्हापासून तो भाऊंसारखं कोरायचा. त्यांच्यासारखे डोळे, त्यांच्यासारखी पापणी, अगदी त्यांच्यासारखा छिन्नीचा उतार. दुसऱ्या दिवशी डाय परत जागेवर यायची. भाऊ तिला भट्टीत घालून पाणी द्यायचे, म्हणजे लोखंड कडक करायचे, आणि व्यापाऱ्याच्या हवाली करायचे. चेहऱ्यात बोट फिरवायचं त्यांनी हल्ली सोडलं होतं. माझ्या मनात आलं की ते घाबरत असावेत. काकींना मी ते बोलले नाही. त्यांना एकच भीती होती. भाऊंना हे कळलं तर या वेळी ते कुणाला घराबाहेर काढतील?

पुढे गणपतीच्या आसपास एका दुपारी वीज गेली. आभाळ भरलेलं, खोलीत अंधार. काकी कंदील शोधायला आत गेल्या. मी उंबऱ्यात बसून लसूण सोलत होते. भाऊ पाटावर बसले होते आणि पुढ्यात आदल्या दिवशी पामहून परत आलेली डाय होती. करायला काही नाही म्हणून असेल, त्यांनी ती मांडीवर घेतली. बोट आत गेलं. मला अंधारात फक्त त्यांचा कोपर दिसत होता. कोपर थांबला. मग पुन्हा हलला, फार सावकाश. दिवे आले तरी त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

ते म्हणाले, "चंदू हाय."

काकींच्या हातातला कंदील खाली पडला. भाऊंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला आणि आदल्या दिवशी स्वतः संपवलेली, अजून कुणाच्या हाती न गेलेली डाय रुमालात बांधली. काकींनी मला हाक मारली. म्हणाल्या, एकटीनं माझ्यानं होणार नाही, तू चल. आम्ही तिघं रिक्षात बसलो. पामला वळताना भाऊंनी रिक्षावाल्याला उजवीकडे घे म्हणून सांगितलं. ते बरोबर होतं. काकी बाहेर बघायला लागल्या.

चंदूची शेड रस्त्यालगतच होती. आत चार-पाच जणं कोरत होती. भाऊ दारात उभे राहिलेले दिसले आणि एकेकाची टकटक बंद पडली. चंदू उठला. त्याचे केस पार पांढरे झाले होते. त्यानं हात जोडले, पण पुढे यायचं त्याला धाडस झालं नाही. मी काकींचा दंड घट्ट धरून ठेवला. कोण कुणाला सावरत होतं कोण जाणे.

भाऊ आत गेले. त्यांनी रुमाल सोडला, डाय चंदूच्या पाटासमोर ठेवली आणि कुठे चुकलंय ते दाखव म्हणाले.

चंदू वाकून बघायला लागला. मी दुरून बघूनही सांगू शकले असते. नथ पुन्हा सुलट होती.

"बरोबर हाय, भाऊ," चंदू म्हणाला.

भाऊंनी खाडकन त्याच्या मुस्काटात मारली. एवढा आवाज झाला की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला. पांढऱ्या केसांचा माणूस गालाला हात लावून उभा, आणि त्याच्या पुढ्यात हा बुटका म्हातारा. काकींनी डोळेच मिटून घेतले.

"माजं काम बिगडलं तर बिगडलं," भाऊ म्हणाले. "तू खोटं बोलाया कदीपासून लागला?"

चंदूला रडू फुटलं. हुंदके आवरत त्यानं सांगितलं, की नथ सुलट कोरलीय, आणि हीच नाही, पावसाळ्यापासूनच्या सगळ्याच सुलट आहेत. भाऊंनी डाय उचलली, उजेडाकडे धरली. भिंगातून बघितलं, भिंग काढून बघितलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना दिसत नव्हतं. शपथेवर सांगते, शेवटपर्यंत त्यांना ती चूक दिसली नाही. त्यांनी नुसता चंदूच्या शब्दावर विश्वास ठेवला.

"मंग कर," ते म्हणाले.

चंदूनं डाय वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळायला हात पुढे केला. भाऊंनी ती दिली नाही. ते मांडी घालून खाली बसले, लाकडी ठोकळ्यावर डाय ठेवली आणि दोन्ही बाजूंनी दोन्ही हातांनी दाबून धरली. वाईस शेजारी मोकळा होता. चंदू म्हणाला, भाऊ, बोटांना लागेल. ते राखलेलं बोटसुद्धा डायच्या कडेवर पांढरं होईतो दाबलेलं होतं.

मग चंदूनं कानस घेतली. भाऊंनी कोरलेल्या देवीच्या चेहऱ्यावरून ती फिरायला लागली, आणि पहिल्याच फेरीला भाऊंचे खांदे असे उडाले की मला वाटलं आता हे डाय हिसकावून घेणार. हात मात्र तसूभरही हलले नाहीत. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी हादरले नाही. बाळंतपण पाहिलंय, मरण पाहिलंय, पण आपलंच काम पुसलं जाताना ते पक्कं धरून बसलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. लोखंडाची भुकटी त्यांच्या नखांवर साचत होती. नाक गेलं, नथ गेली, ओठ गेले.

चेहरा सपाट झाला तेव्हा चंदूनं छिन्नी उचलली, पण त्याचं मनगट आखडलं होतं. भाऊ डायकडे बघत नव्हते, त्याच्या हाताकडे बघत होते. मनगट सैल सोड, असं त्यांनी हळूच सांगितलं, आणि चंदूनं ते सोडलं.